शिंगाची मूठ आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी बाबांच्या सुरीवर दोन पानं लिहिली, तर या वेळी संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. पत्रं मी भात्याजवळ बसून वाचली, त्यामुळे दोघातिघांच्या कागदाला ठिणग्यांची भोकं पडली आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांनी "एक सुरी कितीला?" एवढंच विचारलं, त्यांना एकदाच सांगतो, मी सुऱ्या विकत नाही. नागभीडहून सिंदेवाहीकडे जाताना रस्त्यालगतच्या गावात आमचं दुकान आहे. पोट भरतं ते विळे, पावश्या (भाजी चिरायच्या विळ्या), कुऱ्हाडी आणि फाळ यांच्यावर. सुरी वर्षाला तीन-चार होतात, त्याही रोवणी उरकल्यावर हाताला फुरसत असली तर.

प्रश्न : माझे आजोबा शिकारीला जात. त्यांच्याकडे सांबराच्या शिंगाची मूठ असलेला सुरा होता. आता पातं गंजून खाल्लं गेलंय आणि मूठ उकलली आहे. मला तसाच नवा सुरा स्वतःच्या हातानं घडवायचा आहे. माझ्या मुलाला आणि पुढं त्याच्या मुलाला देता यावा असा. माप काय ठेवू, मूठ कशी बसवू आणि शिंग कुठे मिळेल? सोबत फोटो जोडला आहे.
— एक वाचक, उमरेड

उत्तर : शिंगाचं आधी उरकतो. कुठे मिळणार नाही, आणि कोणी देतो म्हणाला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता शिकार तर बंद आहेच, पण सांबराचं शिंग विकणं, विकत घेणं हाही गुन्हा आहे. आमच्या दुकानात बसून बरेच जण म्हणतात, "सांबर तं दरवर्षी शिंगं गाळते, पडलेलं उचललं तं कोनाचं काय जाते?" गाळते हे खरं. पण गळलेल्या शिंगाचाही व्यापार चालत नाही. तुमच्या शेजारी कऱ्हांडल्याचं अभयारण्य आहे, तिथल्या वनरक्षकाला आजोबांची आठवण समजावून सांगत बसावं लागेल. जुन्या मुठीचे जे तुकडे घरात आहेत, त्यांचे काही कागद आहेत का ते शोधा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन रीतसर विचारा. नव्या सुऱ्यावर ते चढवू नका.

आता सुऱ्याकडे येऊ. फोटोत तुम्ही शेजारी आगपेटी ठेवली हे फार बरं केलं. पातं आगपेटीच्या दोन लांब्यांएवढं दिसतं, म्हणजे चार इंच. तुम्हाला ते लहान वाटलं असेल. शिकारीचा सुरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वीतभर पातं आणि पाठीला करवतीचे दाते येतात. ते सिनेमातलं. मारायचं काम बंदुकीचं होतं, सुरा होता सोलायला. सोलताना तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवावी लागते आणि टोक कुठे आहे ते न बघता कळावं लागतं. वीतभर पात्यात ते कळत नाही. म्हणून पातं आखूड, धारेला पोट दिलेलं, आणि टोक पाठीच्या रेषेहून जरा खाली उतरवलेलं, म्हणजे कातड्याखालून नेताना ते आतड्यात घुसत नाही. अमेरिकेत बॉब लव्हलेस नावाच्या कारागिरानं हाच आकार गाजवला. माझ्या भाच्यानं मोबाईलवर त्याच्या सुऱ्या दाखवल्या तेव्हा मी म्हटलं, अरे, ही तर आपल्या खाटकाची लहान सुरी, फक्त आंघोळ करून आली. शिकार नसली तरी हा आकार वाया जात नाही. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी घरी बकरा पडला की हाच लागतो, बांबूची कांब सोलायला हाच, शेतात दोर कापायलाही हाच.

तेव्हा पातं चार इंच, पाठीशी जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर, रुंदी इंच-सव्वा इंच. मूठ साडेचार इंच. चारही बोटं बसून करंगळीमागे थोडी जागा उरली पाहिजे. मोठं करायचा मोह झालाच तर हे लक्षात ठेवा की नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या नियमात मोडतं. शेतीची आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत, पण तुमचा सुरा अवजार की हत्यार हा वाद ठाण्यात घालायची हौस कोणाला आहे?

खरा प्रश्न मुठीचा, आणि त्यावर तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत. आजोबांच्या सुऱ्याची मूठ का उकलली? फोटोत नीट बघा, शिंगाच्या दोन फाकांमध्ये पोलादाची पट्टी आहे, ती गंजून फुगली आहे. गंज जागा जास्त घेतो, तो आतून रेटतो आणि रिबिटी, म्हणजे मुठीतून आरपार ठोकलेले खिळे, उपटतो. पातं पुसलं जातं, पण मुठीच्या आत कोण पुसणार? म्हणून मुठीतली पट्टी धारेइतकीच घासून स्वच्छ करायची, आणि लाकूड किंवा शिंग चढवण्याआधी तिच्यावर कुठेही हवा राहणार नाही असं भरण द्यायचं.

भरण म्हणून आजकाल सगळे अॅराल्डाइट वापरतात. मीही वापरतो, पण पोरानातवांसाठी करायचं म्हणता, तर मी लाख वापरीन. पळसावरची लाख वितळवून तिच्यात बारीक चाळलेली वीटपूड मिसळायची, साधारण निम्मी-निम्मी. जुन्या तलवारींच्या मुठीत हेच भरण असायचं. लाख हट्टी नाही. चाळीस वर्षांनी तुमच्या नातवाला मूठ बदलायची झाली तर तो पट्टी जरा तापवेल, मूठ आपसूक सुटेल आणि पात्याला ओरखडाही येणार नाही. मूठ निदान दोनदा बदलली जाणार, हे धरूनच सुरा करा. बाबांच्या सुरीची ही तिसरी मूठ आहे. पहिली बाभळीची होती, दुसरी शिसवाची, आताची मी केलेली तेंदूच्या गाभ्याची. पातं तेच आहे, फक्त घासून घासून रुंदीनं निम्मं झालंय. लाखेचा एक दुर्गुण सांगून ठेवतो. मे महिन्यात काच लावलेल्या गाडीत समोरच्या फळीवर सुरा विसरलात तर संध्याकाळी मूठ हलायला लागलेली असेल.

शिंगाऐवजी तेंदू घ्या. पानांसाठी सगळे त्याला ओळखतात, पण जुन्या झाडाचा गाभा काळा आणि जड असतो, घासला की शिंगासारखाच चमकतो, हाताला गार लागतो. घरच्या बांधावरचं वाळलेलं झाड असेल तर उत्तम. शिंगच हवं असेल तर पाळीव म्हशीचं मिळतं, तेही काळंच दिसतं, फक्त कापताना वास असा येतो की घरचे जेवायला बोलावत नाहीत.

लाकूड निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा छपराखाली पडलेलं हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. पावसाळ्यात बसवलेली मूठ वैशाखात आकसते आणि पितळी रिबिटीची डोकी बोटाला टोचायला लागतात. वैशाखात बसवलेली पावसाळ्यात फुगून पट्टीच्या बाहेर येते. मी मुठी फाल्गुनात बसवतो. तेव्हा लाकूड फार प्यालेलंही नसतं आणि फार तहानलेलंही नसतं.

शेवटी मुठीला जवसाचं कच्चं तेल. फडक्यानं पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, असं सात-आठ वेळा. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल चालत नाही, ते वाळत नाही, चिकट राहतं. जवसाचं तेल वाळून कातडीसारखं घट्ट होतं. पण तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतं आणि कधीकधी आपोआप पेट घेतं. फडकं दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका. आमच्याकडे एकदा मध्यरात्री बायकोला जळका वास आला तेव्हा ही विद्या मला कळली.

प्रश्न : मी जुन्या ट्रकच्या कमानपाट्याची (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीची) सुरी घडवली. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम पाण्यात बुडवल्यावर, छान टणक झाली. आठ दिवसांनी धार लावताना पात्याच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसली. वेल्डिंग करून जोडता येईल का?
— एक वाचक, पुसद

उत्तर : नाही. ती रेघ वरून दिसते त्याच्या दुप्पट आत गेलेली असते. रेघेच्या पुढचा भाग छिन्नीनं तोडा आणि उरेल त्याची छोटी सुरी करा.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून माझी सांगतो. मी एकोणीस वर्षांचा होतो. जानेवारीची सकाळ, दगडी डोणीतल्या पाण्यावर राखेची साय आलेली. बाबा बाजाराला गेले होते. मी कमानपाट्याची सुरी घडवली, लाल केली आणि फाळाला देतो तसं डोणीत पाणी दिलं. पाणी खदखदलं आणि त्या आवाजाच्या खालून एक बारीक 'टिंग' ऐकू आलं. हातातल्या सांडशीलाही ते जाणवलं. पण कानस लावून पाहिली तर काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पातं कडक झालं होतं. मी खूश. वरून घासली, चकचकीत केली, रेघ घासण्यात बुजली. ती सुरी मी मामाला दिली. मामा बांबूच्या टोपल्या विणायचा. चौथ्या दिवशी त्यानं कांब फाडायला सुरीवर लाकडाचा ठोका घातला, तर निम्मं पातं बांबूत आणि निम्मं हातात. सुदैवानं हाताला लागलं नाही.

बाबांनी बांबूतला तुकडा काढून उन्हात धरला. मोडलेल्या तोंडाचा एक काठ काळा होता आणि बाकीचा करडा, रव्यासारखा. ते म्हणाले, "हा काळा हाय नं, तो डोनीतच फुटला. बाकीचा मामानं फोडला. हे फाळाचं लोखंड नोहे बाबू, याले पानी चालत नाही."

त्यांना कारण शब्दांत सांगता आलं नाही, मला पुढं कळलं. जुनं साधं पोलाद कडक व्हायला फार झपाट्यानं गार व्हावं लागतं, म्हणून त्याला पाणीच हवं. कमानपाट्यात कार्बन अर्धा टक्का ते पाऊण टक्क्याच्या आत-बाहेर असतो, पण त्यात सिलिकॉन आणि मँगनीजही मिसळलेलं असतं. त्यामुळे ते सावकाश गार झालं तरी कडक होतं, आणि खोलवर होतं. त्याला पाण्यात टाकलं की बाहेरचं आधी घट्ट होतं, आतलं मागून फुगतं, आणि दोघांच्या ओढाताणीत पातं तडकतं. त्याला तेल हवं. आपण म्हणतो पाणी दिलं, पण काम तेलाचं.

तुमच्या पुढच्या सुरीसाठी मी करतो ते सांगतो. जुना पाटा आधी नीट तपासा. लाखभर किलोमीटर खड्ड्यांतून धावलेल्या पाट्यात भेगा आधीच असू शकतात. नाहीतर नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून ईएन ४५ ची, म्हणजे कमानपाट्याच्याच जातीच्या पोलादाची, नवी पट्टी आणा, चार पैसे जातील पण झोप लागेल. घडवून झाल्यावर धार लगेच काढू नका, धारेशी एक मिलिमीटर जाडी राहू द्या. कागदासारखी धार भट्टीत जळते आणि तेलात वाकडी होते.

मग तीन वेळा तापवून सावलीत, हवेत गार करायचं. हे लोक गाळतात. घण खाल्लेल्या पोलादाच्या आत ताण असतो, रवा मोठा झालेला असतो, तो या तीन फेऱ्यांत बारीक होतो. किती तापवायचं ते डोळ्यानं ठरवू नका, चुंबक ठेवा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास गेलं की चुंबकाला चिकटत नाही. रेडिओच्या जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून मी भात्याजवळ टांगलंय. चौथ्या वेळी चुंबक सुटल्यावर आणखी थोडं तापवायचं, लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकेपर्यंत, म्हणजे ८३०-८५० अंश, आणि तेलात. हे काम दुपारच्या उन्हात करू नका, उन्हात रंग फसवतो. मी दिवेलागणीला करतो, दुकानातला दिवा बंद ठेवून.

तेल गार नको. आधी एखादा लोखंडाचा तुकडा तापवून त्यात टाका, म्हणजे ते ५०-६० अंशांवर येईल, बोट फार वेळ ठेववणार नाही इतकं. गार तेल जाड असतं, पात्याभोवती लवकर फिरत नाही. मी सोयाबीनचं तेल वापरतो, ते आपल्याकडे कुठेही मिळतं. एका हिवाळ्यात मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल वापरून पाहिलं, सकाळी डब्यात तुपासारखं थिजलेलं सापडलं. पातं टोकाकडून सरळ उतरवा आणि कापण्याच्या दिशेनं पुढेमागे हलवा. आडवं हलवलंत तर वाकलं समजा. तेल भडकतं, म्हणून डबा लोखंडाचा, त्याला झाकण हवं, आणि पाण्याची बादली तिथून लांब. पेटत्या तेलावर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं.

तेलातून काढलेली सुरी काच असते. खाली पडली तरी फुटेल. तिला त्याच तासाभरात परत नरमवायचं. घरात केक करायची भट्टी असेल तर २०० ते २२० अंशांवर दोन तास ठेवा, मग गार करा, मग पुन्हा दोन तास. बाबांकडे भट्टी नव्हती. ते पातं एका बाजूनं घासून पांढरं करत आणि तापलेल्या जाड लोखंडावर पाठ टेकवून रंग चढताना बघत. रंग पाठीकडून धारेकडे सरकतो. धारेवर ताज्या मोहफुलाचा पिवळा आला की तयार व्हायचं, वाळायला लागलेल्या मोहफुलाचा तांबूस दिसला की उचलायचं. जांभळा आला तर सुरीची धार टिकणार नाही, आणि निळा आला तर तुम्ही कमानपाटाच परत केलात.

मामाचं काय झालं विचाराल, तर त्यानं उरलेल्या तीन इंचांना दुसरी मूठ लावली आणि पुढची वीस वर्षं त्याच तुकड्यानं कांबी तासल्या.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. भाड्याच्या खोलीत राहते, भाता नाही, ऐरण नाही. नुसत्या कानशीनं सुरी होऊ शकते का? घरचे म्हणतात हे मुलींचं काम नाही.
— एक वाचक, वरोरा

उत्तर : बेटा, घरच्यांना सांग, आमच्या दुकानात घण माझ्या आईनं मारला आहे. बाबा सांडशीनं पातं धरत, छोट्या हातोडीनं जागा दाखवत, आणि त्या जागेवर आईचा घण पडे. लोहाराच्या कुठल्याही घरात विचार, भाता ओढणारी आणि घण मारणारी बाईच असते. फक्त दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नसतं.

कानशीनं सुरी होते, आणि पहिली सुरी तशीच करावी असं माझं मत आहे. घणानं चूक झाकता येते, कानस चूक दाखवते. चार मिलिमीटरची पट्टी घे. ती कडक असेल तर गावातल्या लोहाराकडे नेऊन लाल करून घे आणि धानाच्या तुसाच्या राखेत रात्रभर पुरून ठेवायला सांग. ही राख ऊब सोडत नाही, सकाळी हात लावशील तरी कोमट लागेल, आणि पोलाद इतकं मऊ झालेलं असेल की कानस लोण्यासारखी चालेल. लोणी जरा जास्त झालं, पण चालेल.

कागदावर आकार काढ, कापून हातात धर, मग पट्टीवर चिकटव. धारेच्या कडेला बरोबर मध्यावर एक रेघ ओढ आणि दोन्ही बाजूंनी त्या रेघेपर्यंतच घास, रेघ ओलांडू नको. बारा इंची कानस घे आणि ती फक्त पुढे ढकलताना दाब. मागे ओढताना घासलीस तर दाते बोथट होतात. कानशीला खडू घासून ठेव, म्हणजे चुरा दात्यांत अडकून पात्यावर ओरखडे पडत नाहीत. रोज तासभर धरलास तर महिना लागेल. मूठ, घासणं, म्यान धरून माझ्या एका सुरीला चाळीसएक तास जातात, आणि मी हे काम लहानपणापासून करतो.

पाणी द्यायला अंगणात दोन विटांमध्ये लाकडी कोळसा आणि केस वाळवायचं यंत्र पुरतं. बाकीचं वर पुसदच्या वाचकांना सांगितलं आहे. घरमालकाला मात्र आधी विचार.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मुलानं वाढदिवसाला ऑनलाइन 'दमास्कस पोलादाची पारंपरिक शिकारी सुरी' मागवून दिली. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. हेच ते आपल्या देशातून अरबस्तानात जाणारं प्रसिद्ध पोलाद का?
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : गुरुजी, नाही. मुलाला सांगू नका, त्यानं प्रेमानं दिली आहे.

तुम्ही म्हणता ते पोलाद मुशीत होत असे. लोखंड आणि लाकूडपाला मातीच्या बंद मुशीत घालून वितळवत आणि सावकाश गार करत. त्यातून जी ढेप निघे तिच्या आतच नक्षीचं बीज असे, घडवताना ते वर येई. आपल्यापासून फार लांब नाही, निजामाबादकडच्या कोनासमुद्रममध्ये हे काम चाले आणि तिथलं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येत. ती भट्टी एकोणिसाव्या शतकातच विझत गेली.

तुमच्या सुरीत दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून जोडल्या आहेत. मग घडी घालून पुन्हा ठोकलं. शेवटी आम्लात बुडवलं की एक पोलाद काळं पडतं, दुसरं पांढरं राहतं, आणि लाटा दिसतात. हेही हुन्नराचं काम आहे, नीट केलं असेल तर. पण स्वस्तातल्या मालात बरेचदा ही नक्षी नुसती वरची असते, किंवा पट्ट्यांपैकी एक साधं लोखंड असतं आणि धार कधी लागतच नाही. एक परीक्षा सांगतो. धारेच्या मागच्या कोपऱ्यात, मुठीजवळ, जुनी बारीक कानस हलकेच फिरवा. घसरली तर पाणी नीट दिलेलं आहे. चुरा निघाला तर भिंतीवर टांगा, शोभून दिसेल.

प्रश्न : सासूबाईंच्या वेळची पावशी आहे. टोमॅटो, लिंबू चिरलं की काळी पडते. मुलं म्हणतात स्टीलची घ्या. टाकून देऊ का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : ताई, टाकायची असेल तर पत्ता कळवा, मी येऊन घेऊन जातो.

काळं पडणं म्हणजे गंज नव्हे. आंबट लागलं की साध्या पोलादावर करडी-निळसर साय धरते, ती उलट पात्याला जपते. लाल दिसलं तर तो गंज, तो राखेनं किंवा चिंचेनं घासून काढा. चिरून झाल्यावर धुऊन लगेच पुसा आणि भिंतीला उभी करा, एवढंच पथ्य. धार मात्र चाकावाल्याकडून लावून घेऊ नका. बिजलीच्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं पाणी उतरतं, दोन महिन्यांत पुन्हा बोथट. घरी कुरुंदाचा दगड ठेवा आणि पाणी टाकून सावकाश घासा. पूर्वी शाणवाले लाखेत कुरुंदाची पूड कालवून चाक करत आणि ते हातानं फिरवत, त्यामुळे धार तापत नसे. असा म्हातारा अजून तुमच्या बाजारात येत असेल तर त्याला खुशाल द्या.

प्रश्न : सुरीला कातड्याचं म्यान शिवून घेतलं आणि सुरी त्यातच ठेवली. दोन महिन्यांत पात्यावर ठिपके. म्यान चामड्याचं नको का?
— एक वाचक, तुमसर

उत्तर : म्यान न्यायला असतं, ठेवायला नसतं. चामडं ओल धरतं, आणि बाजारातलं बरंच चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, ते पात्याला खातं. बाभळीच्या सालीनं कमावलेलं मिळालं तर बघा. कपाटात ठेवताना सुरी बाहेर, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात.

प्रश्न : खंडेनवमीला सुरीची पूजा केली. दुसऱ्या दिवशी पात्यावर बोटाच्या आकाराचे तांबडे डाग, घासूनही जात नाहीत. काही दोष तर नाही?
— एक वाचक, काटोल

उत्तर : दोष ओल्या कुंकवाचा. पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू रात्रभर पोलादावर राहिलं की त्याखाली गंज बसतो, तुमचं बोट जसं उमटलं तसाच. त्या दिवशी आमचा भाता बंद असतो, ऐरणीलाही कुंकू लागतं. पण सुऱ्यांना मी मुठीवर लावतो, पात्यावर नाही. तुमचे डाग बारीक पाणकागदावर तेल टाकून लांबीच्या दिशेनं घासा. खड्डा पडला असेल तर तेवढा राहू द्या, तो काढायला गेलात तर पात्याची निम्मी जाडी जाईल.